स्विच २ आला म्हणून जुना स्विच विकून टाकायचा का? उत्तर नगर-पुणे एसटीत सापडतं

समजा, एक मुलगा आहे. घर नगरच्या सावेडीत, नोकरी पुण्यात. दर शनिवारी एसटीने घरी यायचं आणि सोमवारी पहाटे परत जायचं, हे ठरलेलं. बॅगेत डबा, चार्जर आणि एक जुना निन्टेंडो स्विच. वाघोलीचं ट्रॅफिक सुटेपर्यंत एक रेस, शिक्रापूर ते शिरूर दुसरा गेम, सुपा आलं की मशीन बॅगेत. घरी पोहोचल्यावर ते मशीन त्याच्या हातात राहत नाही, कारण धाकटी बहीण दारातच उभी असते.

आता बाजारात स्विच २ आलाय. मुलाने हिशोब मांडलाय : जुना विकायचा, त्यात पगारातले पैसे घालायचे आणि नवा घ्यायचा. गणित सोपं दिसतं. पण या व्यवहारात एक प्रश्न राहून जातो. नवा स्विच जुन्यापेक्षा भारी आहे, हे मान्य. पण जुना जे काम करत होता, ते काम नवा करणार का?

मोबाईल बदलताना हा प्रश्न पडत नाही, कारण नवा मोबाईल जुन्याची सगळी कामं करतो. हातात धरून खेळायच्या गेमिंग मशीनचं तसं नाही. म्हणून पैसे मोजण्याआधी हा विषय नीट समजून घेऊ.

आधी हे स्विच प्रकरण काय आहे?

निन्टेंडो ही जपानची कंपनी. मारिओ, पोकेमॉन, झेल्डा हे सगळे तिचेच. ३ मार्च २०१७ रोजी तिने स्विच आणला. कल्पना साधी होती : घरात असाल तर डॉकमध्ये ठेवा आणि टीव्हीवर खेळा, बाहेर निघालात तर उचला आणि हातात खेळा. २०१९ मध्ये फक्त हातात खेळायचा स्वस्त स्विच लाइट आला, २०२१ मध्ये चांगल्या स्क्रीनचा ओलेड मॉडेल आला. जगभरात या कुटुंबाची विक्री १५ कोटींच्या वर गेली.

त्यानंतर ५ जून २०२५ रोजी स्विच २ आला. पहिल्या चार दिवसांतच ३५ लाखांहून जास्त मशीन खपली.

कागदावर बघितलं तर फरक मोठा आहे. पहिल्या स्विचची स्क्रीन ६.२ इंचांची आणि ७२०पी, नव्याची ७.९ इंचांची आणि १०८०पी. पहिल्यात साठवणूक ३२ जीबी, नव्यात २५६ जीबी. टीव्हीला जोडल्यावर नवा ४के चित्र देऊ शकतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुन्या स्विचचे बहुतेक गेम नव्यावर चालतात. काही तर मोफत अपडेटनंतर आणखी सुरळीत चालतात. जुन्या मशीनवर अडखळणारे पोकेमॉन स्कार्लेट आणि व्हायोलेट हे त्याचं ठळक उदाहरण.

इथवर वाचून कुणीही म्हणेल, मग वाट कसली बघायची? थांबा. त्याआधी कंपनीचा इतिहास बघू.

‘आम्ही जुनं बंद करणार नाही’

निन्टेंडोचा गेम बॉय १९८९ सालचा. स्क्रीन काळपट-हिरवी, रंग नाहीत, मागून उजेड नाही. पुढच्याच वर्षी सेगाने गेम गिअर आणला. त्यात रंगही होते आणि उजेडही. तरी बाजी गेम बॉयने मारली. का? गेम गिअरला सहा सेल लागायचे आणि ते काही तासांतच संपायचे. गेम बॉय चार सेलवर त्याच्या कितीतरी पट चालायचा. गेम बॉयमागचा माणूस होता गुनपेई योकोई. जुनं, स्वस्त आणि पक्कं झालेलं तंत्रज्ञान नव्या पद्धतीने वापरायचं, हा त्याचा विचार. हातात धरायच्या मशीनचा पहिला नियम तिथेच लिहिला गेला : चित्र किती छान, यापेक्षा खेळता किती वेळ येतं हे मोठं.

दुसरा नियम २००४ चा. निन्टेंडोने दोन स्क्रीनचा डीएस आणला तेव्हा गेम बॉय अ‍ॅडव्हान्स जोरात खपत होता. कंपनीने सांगितलं की डीएस हा गेम बॉयची जागा घेणार नाही, तो आमचा ‘तिसरा खांब’ आहे. असं सांगण्यात शहाणपण होतं. डीएस पडला असता तर गेम बॉयची गादी सुरक्षित राहिली असती. १९९५ मध्ये व्हर्च्युअल बॉय नावाचं मशीन असंच आपटलं होतं, त्याची आठवण ताजी होती. पण डीएस पडला नाही. तो १५ कोटी ४० लाखांवर गेला आणि गेम बॉय हे नावच बाजारातून गेलं.

२०१७ मध्ये पुन्हा तेच. स्विच आल्यावर कंपनी म्हणाली, हातातला थ्रीडीएस सुरूच राहील. सप्टेंबर २०२० मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. २७ मार्च २०२३ रोजी त्याच्या ऑनलाइन दुकानातली खरेदी बंद झाली. ८ एप्रिल २०२४ रोजी ऑनलाइन खेळणंही बंद झालं.

सोनीकडेही वेगळी गोष्ट नाही. कॉलेजच्या कट्ट्यावर ज्या पीएसपीसाठी नंबर लागायचा, त्याच्यानंतर व्हीटा आला. पण पीएसपीची यूएमडी डिस्क व्हीटात जातच नव्हती. २०२१ मध्ये सोनीने पीएस३, पीएसपी आणि व्हीटाची दुकानं बंद करायचं जाहीर केलं. लोक चिडले, तेव्हा पीएस३ आणि व्हीटाची दुकानं वाचली. पीएसपीचं मात्र त्या जुलैत बंद झालं.

थोडक्यात काय, तर ‘नवं मशीन जुन्याची जागा घेणार का’ याचं उत्तर कंपनी बाजार बघून देते. तुमच्या घरात त्याने जागा घ्यावी की नाही, हे तुम्ही ठरवायचं.

आता नगर-पुणे एसटीची टेस्ट

नगर ते पुणे साधारण १२० किलोमीटर. ट्रॅफिक धरलं तर तीन तास. हातात धरून खेळायच्या मशीनची परीक्षा घ्यायला हा रस्ता उत्तम आहे.

पहिला पेपर बॅटरीचा. निन्टेंडोच्याच आकड्यांनुसार स्विच २ एका चार्जिंगवर साधारण २ ते साडेसहा तास चालतो. कुठला गेम खेळताय त्यावर ते अवलंबून. २०१९ नंतरचा सुधारित जुना स्विच आणि ओलेड मॉडेल साडेचार ते नऊ तास चालतात. म्हणजे जड गेम लावला तर नवा स्विच शिरूरच्या आसपास मान टाकू शकतो आणि जुना नगरला उतरून रिक्षात बसेपर्यंत सोबत राहतो. मात्र २०१७ चं पहिलं मॉडेल असेल तर त्याचा आकडा अडीच ते साडेसहा तास आहे. तिथे नवं-जुनं जवळपास सारखं. त्यातून वापरून वापरून बॅटरी थकलेली असणार, हे वेगळं.

दुसरा पेपर वजनाचा. दोन्ही बाजूंचे जॉय-कॉन लावून स्विच २ साधारण ५३४ ग्रॅम भरतो. पहिला स्विच सुमारे ४००, लाइट फक्त २७५. खिडकीजवळची सीट मिळाली असेल तर ठीक. गर्दीत बॅग मांडीवर घेऊन तीन तास खेळायचं असेल तर मनगट फरक सांगतं.

तिसरा पेपर टीव्हीचा, आणि इथे नव्याला पैकीच्या पैकी. घरी मोठा टीव्ही आहे, रविवारी चुलत भावंडं जमतात, मारिओ कार्ट लागतं. तिथे स्विच २ आणि जुना स्विच यांची तुलनाच नाही.

म्हणजे निकाल असा लागतो : टीव्हीसमोर नवा, प्रवासात जुना. नव्या मशीनने जुन्याचं अर्धं काम जास्त चांगलं केलं, उरलेलं अर्धं नाही. मग तुमचा जुना स्विच जास्त वेळ कुठे असतो? डॉकमध्ये असेल तर बदलण्यात अर्थ आहे. बॅगेत असेल तर पुन्हा विचार करा.

पिन कार्ड घेतलं, गेम कुठाय?

पूर्वी टीव्ही गेमची पिवळी कॅसेट आणली, खोचली आणि खेळ सुरू. कॅसेटमध्ये गेम असायचाच. स्विच २ मध्ये हे गृहीत धरू नका. नव्या मशीनसाठी ‘गेम-की कार्ड’ नावाचा प्रकार आलाय. डबा खरा, आतलं कार्डही खरं, पण कार्डात गेम नसतो. कार्ड फक्त किल्ली. गेम इंटरनेटवरून उतरवायचा आणि पुढेही खेळताना प्रत्येक वेळी कार्ड आत असावं लागतं. स्ट्रीट फायटर ६ असाच विकला जातो. सायबरपंक २०७७ मात्र पूर्ण कार्डावर आहे. डब्याच्या पुढच्या बाजूला तशी सूचना छापलेली असते, ती वाचायची.

पुण्याच्या फ्लॅटवर फायबर असेल तर हे किरकोळ वाटेल. पण अकोले, जामखेड, पारनेरच्या गावांत अनेक घरांचं इंटरनेट म्हणजे मोबाईलचा रोजचा डेटा. ५० जीबीचा गेम धरा आणि रोजचे २ जीबी धरा. दुसरं काहीही न बघता २५ दिवस लागतील. गावातल्या भाच्याला वाढदिवसाला गेम देणार असाल, तर डब्यात गेम आहे की नुसती किल्ली, हे आधी बघा. नाहीतर केक कापून झाल्यावर पोरगं महिनाभर डाउनलोडची पट्टी बघत बसेल.

साठवणुकीतही एक मेख आहे. जुन्या स्विचमधलं साधं मायक्रो एसडी कार्ड नव्यात गेम ठेवायला चालत नाही. नव्याला मायक्रो एसडी एक्स्प्रेस कार्डच लागतं आणि ते महाग पडतं. जुना डॉकही नव्याला बसत नाही. जुने जॉय-कॉन वायरलेसने जोडता येतात, पण मशीनच्या बाजूला लागत नाहीत. म्हणजे किंमत फक्त मशीनची धरू नका.

किंमत किती आणि बिघडला तर कुणाकडे?

अमेरिकेत स्विच २ आला तेव्हा त्याची किंमत होती ४४९.९९ डॉलर. तेव्हाच्या दराने साधारण ३८ हजार रुपये. पण भारतात निन्टेंडो स्विच अधिकृतपणे विकत नाही. इथे मिळतो तो बाहेरून आणलेला. त्यावर आयातीचा कर, वाहतूक, आणणाऱ्याचा नफा असं सगळं चढतं. ठरलेली एमआरपी नाही, त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एक भाव, पुण्यात दुसरा आणि ऑनलाइन तिसरा. गेमही स्वस्त नाहीत. नव्या मारिओ कार्ट वर्ल्डची एकट्याची किंमत जवळपास ८० डॉलर.

अधिकृत विक्री नाही म्हणजे अधिकृत सर्व्हिस सेंटरही नाही. दुकानदार ‘एक वर्षाची वॉरंटी’ म्हणतो तेव्हा ती त्या दुकानाची वॉरंटी असते, कंपनीची नाही. बिलावर काय लिहून देतो, ते बघा. मशीन उघडून दुरुस्त करणंही सोपं नाही. उपकरणं खोलून ती दुरुस्तीला किती सोपी आहेत हे तपासणाऱ्या आयफिक्सिटने स्विच २ ला १० पैकी ३ गुण दिले. जुन्या स्विचची काडी आपोआप सरकायला लागते, हा त्याचा प्रसिद्ध आजार. पण त्याचा सुटा भाग मिळतो आणि तो बदलणारे कारागीरही आता सापडतात.

सर्वांत मोठा धोका स्वस्तातल्या जपानी मॉडेलचा. निन्टेंडोने जपानसाठी स्विच २ दोन प्रकारांत काढला. एक सगळ्या भाषांचा, ६९,९८० येनचा. दुसरा फक्त जपानी भाषेचा, ४९,९८० येनचा. दुसऱ्यात मशीनची भाषा जपानीच राहते आणि खातंही जपानचंच लागतं. भाषा बदलायची सोय नाही. कुणी फारच कमी भाव सांगत असेल तर आधी मशीन सुरू करून सेटिंगमध्ये इंग्रजी आहे का, ते बघा.

सेकंडहँड घेताना आणखी एक तपासणी. चोरीचे गेम चालवणारी कार्डं वापरलेल्या स्विच २ ची ऑनलाइन सेवा निन्टेंडो बंद करते, आणि मालक बदलला तरी ती बंदी मशीनसोबत राहते. पैसे देण्याआधी मशीन वाय-फायला जोडून ऑनलाइन दुकान उघडतं का, हे दुकानातच बघायचं.

थ्रीडीएस किंवा पीएसपी असेल तर?

मग उत्तर अगदी सरळ आहे. नवं मशीन त्याची जागा घेऊच शकत नाही. थ्रीडीएसचं कार्ड स्विचमध्ये जात नाही, पीएसपीची डिस्क पीएस५ मध्ये जात नाही. सोनीचं प्लेस्टेशन पोर्टल भारतात २०२४ मध्ये १८,९९० रुपयांना आलं. दिसायला ते पीएसपीचा मोठा भाऊ वाटतं. प्रत्यक्षात गेम त्या यंत्रात चालत नाही, दुसरीकडे चालणाऱ्या गेमचं चित्र वाय-फायवरून त्यावर येतं. रांजणगावच्या पुढे रेंज गेली की खेळ खल्लास.

अशा जुन्या मशीनची किंमत बाजारात शून्य आली तरी विकू नका. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा चार्ज करा. मागचं झाकण फुगलेलं दिसलं तर बॅटरी लगेच काढून घ्या, फुगलेल्या बॅटरीवर खेळू नका. कारण त्यातले डाउनलोड केलेले गेम पुन्हा विकत घेता येतील, असं दुकान त्या मशीनवर आता उरलेलं नाही.

विकण्याआधी बहिणीला विचारा

आता पुन्हा सावेडीतल्या त्या घराकडे येऊ. मुलाच्या हिशोबात जुना स्विच म्हणजे नव्यासाठीचे थोडे पैसे. पण त्याच मशीनमध्ये बहिणीचं स्वतःचं प्रोफाइल आहे. तिने दोन वर्षं खपून उभं केलेलं बेट, पकडलेले पोकेमॉन, अर्ध्यावर राहिलेला झेल्डा. ही सगळी प्रगती मेमरी कार्डात नसते, मशीनच्या पोटात असते. कार्ड काढून ठेवलं म्हणजे सगळं वाचलं, हा गैरसमज आहे. क्लाउडवर ठेवायची सोय आहे, पण ती पैसे भरून मिळणाऱ्या ऑनलाइन सदस्यत्वात, आणि काही गेमना तीही नाही.

त्यामुळे विकायचंच असेल तर क्रम असा ठेवा. आधी नवं मशीन हातात घ्या. दोन्ही शेजारी ठेवून घरातल्या प्रत्येकाचं प्रोफाइल हलवा. प्रत्येकाचा गेम उघडून प्रगती जागेवर आहे का, ते डोळ्यांनी बघा. मगच जुनं मशीन पुसा आणि द्या. नवं यायच्या आधी जुनं विकलं की हा रस्ता बंद होतो.

न विकण्याचेही फायदे आहेत. २०२५ पासून डाउनलोड केलेले गेम ‘व्हर्च्युअल गेम कार्ड’ म्हणून दोन मशीनमध्ये हलवता येतात. फॅमिली ग्रुपमधल्या सदस्याला एक गेम १४ दिवसांसाठी उसनाही देता येतो, फक्त देताना दोन्ही मशीन जवळ हवीत. शनिवारी घरी आल्यावर गेम बहिणीच्या स्विचवर टाकायचा, पुढच्या फेरीला परत घ्यायचा. काही गेम तर एका स्विच २ वरून शेजारच्या जुन्या स्विचवरही सोबत खेळता येतात. शिवाय जुन्यासाठी नवे गेम येणं लगेच थांबलेलं नाही. ऑक्टोबर २०२५ चा पोकेमॉन लेजेंड्स झेड-ए आणि डिसेंबरचा मेट्रॉइड प्राइम ४ दोन्ही मशीनसाठी आले.

मग घ्यायचा की नाही?

मुख्यतः टीव्हीवर खेळता, घरी चांगलं इंटरनेट आहे आणि मारिओ कार्ट वर्ल्ड किंवा डाँकी काँग बनान्झासारखे फक्त नव्यावर चालणारे गेम हवेतच : घ्या. पण जुन्याचे पैसे धरून बजेट आखू नका.

मुख्यतः प्रवासात खेळता आणि २०१९ नंतरचा स्विच किंवा ओलेड आहे : थांबा. बॅटरीत तुमचंच मशीन पुढे आहे.

२०१७ चा स्विच आहे, बॅटरी थकलीय, घरात दुसरं कुणी खेळत नाही : बदलायला हरकत नाही. प्रोफाइल हलवण्याचा क्रम मात्र चुकवू नका.

घरात धाकटं भावंड आहे : नवा आला तरी जुना त्याचा.

नगरकरांना हे वेगळं सांगायला नको. १ जून १९४८ रोजी राज्यातली पहिली एसटी नगर-पुणे मार्गावर धावली. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, याच मार्गावर पहिली इलेक्ट्रिक ‘शिवाई’ आली. गारेगार, आवाज न करणारी. म्हणून लालपरी भंगारात गेली का? नाही. पुण्याला शिवाईने जाणारा माणूस गावाकडच्या फाट्यावर आजही लालपरीचीच वाट बघतो.

तेव्हा सावेडीतल्या त्या मुलाने स्विच २ जरूर घ्यावा, दोन महिने उशिरा का होईना, स्वतःच्या पैशांनी. आणि सोमवारी पहाटे निघताना जुना स्विच टीव्हीच्या कपाटात ठेवून जावा. शनिवारपर्यंत तो कुणाच्या हातात असेल, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.